मामंजी, तुमचा उजवा हात

मामंजी,

आज रविवार. सवयीनं सकाळी चुलीवर जादा पाणी ठेवलं, मिठाचा डबा उघडला आणि मग हात थांबला. आत्याबाई चुलीपाशीच बसल्या होत्या. त्यांनी पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे. भांड्यांना व्हईल." मग आम्ही दोघी सासू-सुना तिथंच बसून राहिलो.

तुम्हाला जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही. ओसरीवर येणारा प्रत्येक जण पाणी पिऊन झालं की म्हणतो, "सुटलं सुभेदार." मी आत मान हलवते. पण मला म्हणायचंय ते थोडं वेगळं आहे. तुम्ही सुटलात हे खरंच, पण एका मोठ्या यातनेतून तुम्ही जाण्याच्या कितीतरी आधी सुटला होतात, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून रडू येतं, नाही असं नाही, पण त्याच्या खाली मन हलकं आहे. सासऱ्याच्या दिवसांत सुनेनं हलकं वाटतंय असं म्हणायचं नसतं. बाहेर कुणाला सांगणार? तुम्हालाच सांगते.

मी सांगलीहून लग्न होऊन आपल्या घरी आले तेव्हा तुम्ही पलटणीतून पेन्शनीवर येऊन थोडेच दिवस झाले होते. तुम्ही माझ्याशी थेट बोलत नव्हता आणि मी तुमच्यासमोर उभी राहत नव्हते. चहाचा कप आत्याबाईंच्या हातून बाहेर जायचा, तुमचा निरोप आत्याबाईंच्या तोंडून आत यायचा. तुमचा आवाज मात्र घरभर असायचा. रविवारी सकाळी भावकीतली पोरं अंगणात ओळीनं उभी करायचात. हात पुढं, तळवे खाली. एखाद्याच्या नखाला पांढरं दिसलं की त्याला पायरीवर बसवून दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा चिमटीत धरून स्वतः नखं काढायचात. "नखातली घाण पोटात जाती, आणि पोट बिघडलं की जवान बेकार," असं प्रत्येकाला सांगायचात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघायचे. ज्या माणसाच्या हाकेनं गडी चळचळा कापायचे, तो एवढंसं बोट इतक्या हलक्या हातानं धरतो, याचं मला नवल वाटायचं.

त्याच वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत माझ्या बोटाला नखुरडं झालं. माहेरी शेतातलं काम कधी केलं नव्हतं. नखाच्या कडेचं कातडं निघालं की दातानं ओढायची मला सवय, तीच नडली. बोट नखाजवळ सुजून लाल झालं, ठणका लागला. नव्या घरात सांगायचं कुणाला? मी पदराखाली लपवून काम करत राहिले. एकदा आत्याबाई नदीला गेल्या होत्या म्हणून तुमचा चहा मीच उंबऱ्यावर ठेवला आणि मागं झाले. तेवढ्यात तुम्ही बघितलंत. संध्याकाळी आत्याबाईंना तुम्ही सांगत होता, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात: "सूनबाईच्या बोटाला नखुरडं झालंय. सोसंल एवढ्या गरम पाण्यात मीठ टाकून बोट बुडवून बसायला सांग. सुई लावायची न्हाई. पिकलं तर डाक्टर हाय. आणि दातानं कातडं वडायचं बंद म्हणावं."

दाताचं तुम्हाला कसं कळलं, हे मी कधी विचारू शकले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमचा आवाज आला, "बोट बुडवलं का इचार." आणि बोट बरं होईस्तोवर मला शेणात हात घालू द्यायचा नाही, असा हुकूम झाला. सासरी आल्यापासून मला पहिल्यांदाच या घरात आपलं कुणीतरी आहे असं वाटलं, आणि ते माणूस माझ्याशी बोलतही नव्हतं.

आपलं भांडणही नखावरूनच. तुमचं म्हणणं, पांढरं दिसलं की काढलंच पाहिजे, अगदी मुळापर्यंत. माझ्या आईनं मला शिकवलेलं वेगळं होतं. आंघोळीनंतर नखं मऊ असताना काढायची, पांढरी बारीक कड ठेवायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत आणि मग खोबरेल चोळायचं. कोपरा खोल गेला की नख कातडीत शिरतं, ठणका तिथूनच सुरू होतो. कुंदा शाळेत जायला लागली तेव्हा तिची नखं मी माझ्या पद्धतीनं काढली. रविवारी ओळीत तुम्ही नातीचा हात धरलात आणि विचारलंत, "ही कड कुणी ठेवली?"

"आईनं."

तुम्ही ब्लेड उचललंत, पण कड काढली नाहीत. हात तसाच सोडून दिलात. संध्याकाळी मात्र निरोप आला, "कड ठेवली की घाण बसती म्हणावं." मीही निरोप पाठवला, "कड नाही ठेवली तर नख आत शिरतं म्हणावं." आत्याबाई दोन्हीकडचं ऐकून कंटाळल्या. "आवं, तुमी दोघं समोरासमोर बसून काय ते ठरवा. मी काय टपालवाली हाय व्हय?" पण समोरासमोर बसायचं कसं? तो वाद तसाच राहिला.

मग ती सकाळ आली. तोंड धुवायला परसात गेलात आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. कराडला जीपमधून नेलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. परत आलात ते खाटेवर. बोलायला जायचात आणि तोंडातून एकच शब्द बाहेर यायचा, "जैसे थे." परेडवर चुकलं की जवानांना पुन्हा पहिल्यासारखं उभं करायचा तो हुकूम. तहान लागली तरी जैसे थे, राग आला तरी जैसे थे. आत्याबाईंना सुरांवरून अर्थ कळायला लागला. मला जरा उशिरा कळला. हे तेव्हा आपल्या पलटणीबरोबर जम्मूच्या बाजूला होते. रजेवर आले, तुमच्या पायाशी बसून राहिले आणि रजा संपल्यावर गेले. जाताना पाठमोरे रडत होते.

पहिले काही महिने तुमचा उजवा हात नुसता लोंबत असायचा. मग हळूहळू तो आखडत गेला. कोपर दुमडलं, बोटं मिटली, अंगठा आत गेला. शेवटी अशी घट्ट मूठ झाली की तिच्यात काडीसुद्धा शिरेना. डाव्या हाताची नखं न्हावी काढून जायचा. उजव्याकडं तो बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपंला बघू." आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना बारीक काही दिसायचं नाही. मी पडद्याआड. आणि आत, मिटलेल्या मुठीत, नखं वाढत होती.

पावसाळ्यात घरभर ओलीचा वास असतो, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण एके सकाळी तुमची चादर धुवायला काढली तर तिच्यावर रक्ताचा आणि पिवळा डाग. मी आत्याबाईंना सांगितलं, त्यांनी न्हाव्याला बोलावलं. भावकीतले दोन जण तुमचे खांदे धरून बसले आणि न्हावी तुमची बोटं एकेक करून उचकटायला लागला. तुम्ही ओरडलात. तेच शब्द, पण असा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. मी दाराआड होते. कशी बाहेर आले ते आठवत नाही. चार पुरुषांसमोर मी मोठ्यानं म्हणाले, "थांबा. सोडा त्यांना."

सगळे माझ्याकडं बघत राहिले. न्हाव्यानं हात सोडला. तुम्ही डोळे मिटून घेतले होते आणि गालावरून पाणी चाललं होतं.

कराडचे डॉक्टर आले. त्यांनी वाकून मुठीचा वास घेतला, बॅटरीनं फटीतून आत बघितलं. म्हणाले, नखं तळव्यात रुतलीत, पू झालाय. ओढाताण करायची नाही, बोट मोडेल. रोज धुवायचं, कोरडं ठेवायचं, नखं हळूहळू काढायची. हाडापर्यंत गेलं तर बोट ठेवता येणार नाही, कदाचित हातही नाही. मग त्यांनी ओसरीवरच्या माणसांकडं बघून विचारलं, "घरात हे रोज कोण करणार?"

जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला.

"मी करते," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन खाटेपाशी बसले. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत आणि हात छातीशी घट्ट धरलात. आत्याबाई पायाशी होत्या. म्हणाल्या, "आवं, द्या की हात. ती काय परकी हाय व्हय? तुमीच न्हवं तिचं बोट मिठाच्या पाण्यात बुडवलं हुतं?" तुम्ही वळला नाहीत. मी पाणी गार होईपर्यंत बसले आणि उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तुम्ही बघत नव्हता, पण हात थोडा सैल सोडलात. मी तो पाण्यात ठेवला. बरेच दिवस एवढंच. मूठ पाण्यात, पाणी बाहेरून लागायचं, आत जायचं की नाही देव जाणे.

आणि मग एकदा हात आपोआपच उलगडला. पातेलं खाली जमिनीवर होतं आणि तुमचा हात खाटेच्या कडेवरून लोंबत होता. मनगट खाली वाकलं आणि बोटं जराशी सुटली. मी नीट बघितलं. मनगट वर उचललं तर मूठ घट्ट, खाली वाकवलं तर सैल. जोर लावायचाच नव्हता. त्या फटीतून मी माझी करंगळी आत घातली, तेलानं माखलेली. तळव्याला हात लागला तेव्हा तुम्ही दचकलात. मी थांबले. तुम्ही "जैसे थे" म्हणालात, पण या वेळी हळू. आत्याबाई म्हणाल्या, "कर म्हणत्यात."

त्या दिवशी फक्त करंगळीचं नख निघालं. वाढून वाकून खरखरीत झालेलं, आतल्या बाजूनं काळं. मी ते पाटावर ठेवलं. तुम्ही मान वळवून त्याच्याकडं बघितलंत आणि बघतच राहिलात. आपल्याच अंगातून एवढं काही निघालं याचा विश्वास बसत नव्हता तुम्हाला.

मग रोज एकेक. पाण्यात मीठ, मग स्वच्छ फडक्यानं टिपायचं, डॉक्टरांनी दिलेलं जांभळं औषध लावायचं आणि तुमच्या जुन्या मऊ धोतराची गुंडाळी करून मुठीत सरकवायची, म्हणजे बोटं तळव्याला टेकणार नाहीत. आधी ती गुंडाळी बोटाएवढी होती. नंतर नंतर चांगली लाटण्याएवढी मावायला लागली. ह्यांनी कॅन्टीनमधून नेलकटर घेऊन रजेवर येणाऱ्या एका जवानाबरोबर पाठवलं. त्याच्या कानशीनं मी कड गुळगुळीत करायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या हाताला कड अजिबात नको. म्हणजे तुमचं म्हणणं. पण कोपरे मात्र खोल नकोत, असंही ते म्हणाले, म्हणजे माझं. आता कोण बरोबर, ते तुम्ही सांगू शकत नव्हता आणि मला विचारायचा धीर नव्हता.

एक दिवस माझे दोन्ही हात तुमच्या मुठीत गुंतले होते आणि पदर डोक्यावरून खांद्यावर आला. हातांना पू आणि औषध लागलेलं. मी मूठ तशीच सोडून उठायला लागले तर तुम्ही डाव्या हातानं माझं मनगट धरलंत. मान हलवलीत. नको. बस. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "राहू दे म्हणत्यात. काम कर." त्यानंतर तुमच्यासमोर मी कधी पदर सावरला नाही. या घरात मोकळ्या डोक्यानं बसायची मला पहिल्यांदा परवानगी मिळाली ती तुमच्या खाटेपाशी.

गावात बोलणं झालंच. भावकीतल्या एक काकी विहिरीवर म्हणाल्या, "सुभेदाराच्या सुनंनं लाज सोडली. सासऱ्याचा हात धरून बसती." मला ते लागलं, मी घरी येऊन गप्प बसले. आत्याबाईंनी माझ्याकडून काढून घेतलं आणि तशाच, हातात काठी घेऊन, त्यांच्या दारात गेल्या. काय बोलल्या ते मला नंतर कुंदानं सांगितलं: "माज्या धन्याचा हात सडत हुता तवा तुमच्यातलं कोन आलं न्हाई. आता बरा झाला तर बघायला लय डोळं फुटलं." काकी नंतर स्वतः येऊन तुमचा हात बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "सफा झाला की गं."

सफा झाला. दिवाळीच्या सुमारास जखम भरली. तळव्यावर चार गुलाबी खुणा राहिल्या, चंद्रकोरीसारख्या, पुढं त्याही पुसट झाल्या. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, बोट वाचलं. मी आत जाऊन देवासमोर उभी राहिले. एकदम खूप भूक लागली. उभ्या उभ्या शिळी भाकरी आणि चटणी खाल्ली.

त्यानंतर रोजचं काम आठवड्यावर आलं. रविवार सकाळ. आता ओळीत तुम्ही एकटे आणि तपासणारी मी. तुम्हाला ती गंमत कळायची. पाणी आणलं की स्वतःच डाव्या हातानं उजवा पुढं करायचात, तळवा खाली. कुंदानं एकदा माझी सांगलीहून आणलेली नखाला लावायच्या लाल रंगाची बाटली काढली आणि तुम्ही झोपलेले असताना तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख रंगवून टाकलं. आत्याबाई तिला मारायला धावल्या. तुम्ही जागे झालात, अंगठा डोळ्यांसमोर धरलात आणि हसलात. अर्धंच तोंड हसलं, पण आवाज पूर्ण होता. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. रंग काढायचं औषध आपल्या गावात कुठलं मिळणार? बरेच दिवस सुभेदारांच्या अंगठ्याला लाल रंग होता, आणि भेटायला येणाऱ्यांना तुम्ही मुद्दाम रामराम करताना तोच हात दाखवायचात.

शेवटचे दिवस छातीचे होते. कफ भरला, अन्न थांबलं. त्या दुपारी आत्याबाई चमच्यानं पाणी घालत होत्या. तुम्ही दोन चमचे घेतलेत, तिसरा ओठातून बाहेर आला. त्रास झाला नाही. श्वास लांबत गेला आणि पुढचा आलाच नाही. आत्याबाईंनी चमचा वाटीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "कुंदाला शेजारी पाठीव."

माणसं जमली. आंघोळ घालायला पुरुष आले तेव्हा मी आत होते. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आरं, सुभेदाराचा हात उघडला." मी दारात आले. खरंच उघडला होता. कुणी वाकवला नव्हता, ओढला नव्हता. पाचही बोटं सुटून हात उताणा पडला होता, इतर कुणाचाही असावा तसा. तळवा स्वच्छ होता. नखं आदल्याच रविवारी काढलेली, एकाही बोटाला ओरखडा नव्हता. आत्याबाई चाचपडत पुढं आल्या आणि त्या तळव्यात त्यांनी आपला हात ठेवला. लोक थांबले. कुणी घाई केली नाही.

तो तळवा बघितला आणि मला आतून सुटल्यासारखं झालं. ते काय होतं ते अजून मला नीट सांगता येत नाही. तुम्ही न सडता गेलात. पूर्ण हातानं गेलात.

तार मिळूनही ह्यांना पोचायला उशीर झाला. गाड्या बदलत आले तोवर सगळं उरकलं होतं. दहाव्याला ह्यांनी कृष्णेवर सगळं केलं, डोक्याचे केस काढले, सुतकात वाढलेली नखं काढली आणि घरी येऊन ओसरीवर तुमच्या रिकाम्या खाटेवर बसले. मी जेवायला हाक मारायला गेले तर म्हणाले, "बस जरा." आत्याबाई घरात होत्या. मी बसले.

"तू रोज करायचीस ते कसं करायचीस?" ह्यांनी विचारलं.

मी ह्यांना मूठ वळायला सांगितली, चांगली घट्ट. मग ह्यांचं मनगट धरून खाली वाकवलं आणि म्हटलं, "आता बघा." बोटं सैल झाली. ह्यांनी पुन्हा करून बघितलं. मग मी सोडल्यावरही एकटेच करत राहिले.

"मी रजेवर आलो हुतो, तवा मूठ बघितली हुती," हे म्हणाले. "आत काय असंल, असा इचारच आला न्हाई. तिकडं थंडीत बसून नंतर लय यायचा."

थोड्या वेळानं ह्यांनी मान वर केली.

"शेवटाला हात दुखत हुता का गं त्यांचा?"

"नाही," मी म्हणाले. "आधी दुखायचा. नंतर कधीच नाही."

ह्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि मग डोळे पुसले. आणि मामंजी, मला खोटं बोलावं लागलं नाही.